रोटाच्या मुठी

धुळ्याच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. तिसऱ्या वर्षाला जुन्या अमेरिकन कथांचा एक पेपर आहे आणि तो दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. या कथांमधली माणसं मोठी देवभीरू, आणि प्रत्येकाच्या पोटात एक न सांगितलेलं पाप. ते कुणी उघड बोलत नाही, त्याऐवजी कथेत एखादी वस्तू येते आणि वाचणाऱ्याने काय ते समजायचं. एका कथेतला धर्मोपदेशक तर अचानक तोंडावर काळं कापड घेऊन येतो आणि मरेपर्यंत ते काढत नाही. का, ते लेखक सांगत नाही. आमची मुलं मात्र गाइड वाचून छातीठोकपणे सांगतात. गठ्ठाभर उत्तरपत्रिकांत तेच वाक्य : काळे कापड हे गुप्त पापाचे प्रतीक आहे. बरं, मग पुढे काय, असं विचारलं की सगळे मख्ख. मी चिडते. चिडणं हा माझा स्वभावच आहे, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही.

गेल्या श्रावणात असाच गठ्ठा घेऊन मी भडगावजवळच्या माहेरी गेले. कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा सण, चार दिवसांवर आली होती. आमच्याकडे कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकतात. ते दळून रोट करायचे आणि ते त्याच कुळातल्या माणसांनी खायचे, बाहेरच्या कुणाला एक तुकडा द्यायचा नाही. लग्न झालेली लेक त्यात धरत नाहीत. तिची मूठ सासरी पडते. माझीही धुळ्याला पडते, आणि सासूबाई ती चांगली भरून टाकतात, खोटं कशाला बोलू.

आईशी माझं तसं सगळं बोलणं होतं. फक्त एका गोष्टीवर आम्ही दोघी गप्प होतो. चौदा वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. आई वीस दिवस माझ्याजवळ येऊन राहिली. शिरा करून घातला, डोक्याला तेल लावलं, पण बाळाबद्दल एक शब्द काढला नाही की माझ्या नजरेला नजर दिली नाही. बाकीच्यांनी निदान ‘अजून वय आहे’ असं तरी म्हटलं. पुढे मला मुलगी झाली, सगळं सुरळीत झालं, पण ते वीस दिवस माझ्या मनातून गेले नाहीत. आईला माझ्यातच काहीतरी खोट दिसली, असं मी धरून बसले होते. विचारायची हिंमत कधी झाली नाही. एवढी चिडकी बाई, पण तिथे माझी जीभ उचलत नसे.

दुपारची वेळ होती. आई ओसरीत सूप घेऊन गहू निवडत बसली होती आणि मी लाल पेन घेऊन कपाळाला आठ्या घालून बसले होते.

“काय वाची राहिनी वं इतली?” तिने विचारलं.

“गोष्ट शे एक. अमेरिकानी.”

“सांग मंग.”

मी सांगितली. काळं कापड ऐकून ती हसली. “इतलंच? आठे वैशाखमा बठ्ठ्या पोरी तोंड बांधी फिरतीस.”

उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळणाऱ्या पोरींचा हा दाखला वर्गातही दरवर्षी कुणीतरी देतंच. मी म्हटलं, तसं नव्हे, त्याच्या मनात एक पाप होतं.

“काय पाप करेल व्हतं त्यानी?”

“ते लिखेल नही. कोनलेच माहीत नही.”

“बायकोले बी नही सांगं?”

“जिन्हासंगे ठरेल व्हतं, तिन्हासंगे लगीनच नही व्हयनं मंग.”

आईचे हात थांबले. सुपातला एक खडा तिने काढला आणि उगाच बोटांत धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मन्हं बी एक शे.”

मला वाटलं, थट्टा करतेय.

“तुन्ही मूठ मी टाकस. तुन्हं लगीन व्हयनं तवयपाईन. कोनले माहीत नही. तुन्हा वाटाना रोट मीच खास.”

मला हसू आलं, आणि आत कुठेतरी फार बरंही वाटलं. म्हणजे लग्न झाल्यापासून आई गुपचूप माझी मूठ टाकत होती, माझ्या वाट्याचा रोट स्वतः खात होती; इतकी वर्षं मी दोन घरांत धरलेली होते. पण मास्तरीण गप्प कशी बसणार? लेकीची आठवण काढणं हे पाप कसं होईल, देवीला एवढंही कळत नाही का, असं मी सुरू केलं.

“पुरं ऐक ना,” ती म्हणाली. आवाज वेगळाच होता, म्हणून मी पेन खाली ठेवला.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी माझा भाऊ मोटरसायकलवरून पडला होता आणि त्याचा पाय मोडला होता. आईला वाटलं, कुळाबाहेरची मूठ टाकली म्हणून कानबाई कोपली.

“पुढला साले मी घाबरी गऊ. पोरगा वाचाले पाहिजे नं. तुन्ही मूठ टाकीच नही. आनि त्याच साले तुन्हं…”

पदर तोंडाशी धरून ती बसली. ते वीस दिवस ती माझ्याकडे का बघू शकली नाही, ते मला तेव्हा कळलं. तिला खोट माझ्यात दिसली नव्हती. ती स्वतःलाच गुन्हेगार समजत होती, आणि मी चौदा वर्षं तिच्यावर रुसून बसले होते. माझी मलाच लाज वाटली.

मी सूप बाजूला सारून तिच्याजवळ सरकले. “माय, तुन्हामुळे काही व्हयनं नही. डॉक्टरनी सांगेल व्हतं, गर्भपिशवी कमजोर व्हती.”

“डॉक्टरले काय माहीत,” ती म्हणाली.

तिच्या बोटांतला खडा काढून घेत मी विचारलं, “मंग आते? आते टाकस का नही मन्ही मूठ?”

“टाकस नं. तवयपाईन दोन टाकस.”

“दोन कसाले?”

“एक तुन्ही,” ती म्हणाली, “एक त्यान्ही.”

त्या बाळाला आम्ही नाव दिलं नव्हतं. मुलगा होता, एवढंच नर्सने सांगितलं होतं. माझ्या सासरी, माहेरी, माझ्या स्वतःच्या तोंडीही पुन्हा कधी त्याचा विषय निघाला नव्हता. आणि आई दर श्रावणात, कुणाला न सांगता, त्याला घरातला एक म्हणून धरत होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माझ्या मुलासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडले.