फुलाक्काने चाचपलेली घोडी

फुलाक्काची नजर लागली म्हणून गुरुदासच्या घोडीचा पाय मोडला, असं आमच्या वाडीत जो तो सांगतो. साफ खोटं. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; माझ्यासारखा ढोल्या शेजारीसुद्धा तोंड उघडल्याशिवाय तिला ओळखू येत नाही, ती घोडीला नजर कसली लावते! ती बघते बोटांनी. नवरा शर्यतीची घोडागाडी हाकायचा, तेव्हा तीस वर्षं घोड्यांचे पाय हिनेच चोळले.

गुरुदासने खानापूरकडून ही घोडी, तारा, आणली ती गळ्यावरचा देवमण बघून. केसांचा हा भोवरा असलेल्या घोड्याला हार नाही, असं आमच्याकडे पक्कं मानतात. अख्खी वाडी तो गळा बघायला जमली. आक्का मात्र खाली बसून पाय चाचपत होती.

"खांदा उभा हाय रे हिचा," ती म्हणाली. "पाऊल लांब पडायचं न्हाई. आणि खुराच्या वरचा भाग बघ, खुंटीगत सरळ, डाव्याचा तर जास्तच. तो तिरका असला की धक्का जिरतो. हिचा सगळा धक्का हाडात जाणार. शेतातनं, मातीतनं चालव. कडक रस्त्यावर पळवू नको, मोडंल. हात लावून बघ."

"आक्का, देवमण हाय!"

"देवमणावर पळतीया व्हय ती?"

सगळे हसले. "आक्का, नवरा पसंत करताना पण असंच पाय चाचपलं व्हय?" हे विचारणारा मीच. तेव्हा मोठा हशा मिळाला. आता आठवलं की जेवण जात नाही.

रामनगरच्या पुढे एका जत्रेत शर्यत होती. तारा पहिल्या वळणापर्यंत पुढे होती. डांबरी उतारावर तिचा पुढचा डावा पाय कडकन वाजला. त्यानंतरही ती तीन पायांवर पळतच राहिली, चांगली वीसेक पावलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बघितला, मान हलवली आणि तिला कायमचं झोपवायची सुई दिली. गुरुदास तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

मी येऊन आक्काला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "डावा न्हवं?"

तिसऱ्या दिवशी गुरुदास तिच्या अंगणात आला. आक्का सुपातले खडे बोटांनी वेचत होती.

"एवढं कळलं हुतं, तर जरा जोर करून का न्हाई सांगितलंस, आक्का?"

तिने सूप बाजूला ठेवलं.

"जोर कसला करू? हात लावून बघ म्हटलं, तर तू वाकला पण न्हाईस."