हाताखालचं घड्याळ

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या अंगात कुणीतरी मुंग्या सोडल्यात. त्यामुळं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि घरातलं सगळंच सावकाश झालं, तेव्हा मला फार जड गेलं. सावकाश उठवायचं, सावकाश भरवायचं. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, सावकाश होईल. त्या शब्दाचाच मला राग यायला लागला होता.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं, तसं आमच्याही पुढच्या खोलीत चालायचं. पैंजणं घडवण्यात आप्पांचा हात चांगला होता आणि नेमका तोच, उजवा हात गेला. पाय हळूहळू जमिनीला टेकू लागला, बोलणंही बरंचसं सुधारलं, पण हात मांडीवर ठेवला की ठेवला. आईनं दोन कारागीर ठेवून काम सुरू ठेवलं. मी रोज बसनं कोल्हापूरला जाऊन शाहूपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टायपिंग करायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावात सगळ्यांच्या मनगटावर सेलची घड्याळं आली होती, आप्पांचं मात्र लग्नातलं चावीचंच होतं.

त्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यायची ती त्यांनीच. एका हातानं कशी देणार? तर त्यांनी युक्ती काढली होती. घड्याळ पाटावर ठेवायचं, डाव्या हातानं उजवा हात उचलून त्याच्यावर ठेवायचा, म्हणजे घड्याळ हलत नाही. मग डाव्या बोटांनी बाजूनं चावी फिरवायची. उजव्या हाताचा तेवढाच उपयोग राहिला होता, एखादं वजन ठेवावं तसा.

एका सकाळी चावी देऊन झाल्यावर त्यांनी हात तसाच घड्याळावर राहू दिला आणि म्हणाले, "टिकटिक लागतीया हाताला."

आई भाकरी थापत होती. तिचे हात पिठातच थांबले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला आधी स्पर्श कळायला लागेल, मग हालचाल येईल. आई पिठाच्या हातानंच उठून देवापुढं गेली. त्या दिवसापासून रोज सकाळी तिचा एकच प्रश्न, "लागतंय काय?" आणि आप्पांचं एकच उत्तर, "व्हय, लागतंय की." आई चार घरी सांगून आली. आमच्या घरात जरा हसू आलं. मीही ऑफिसात उगाच सगळ्यांना चहा पाजला.

आणि मग ते घड्याळ बिघडलं. आधी पुढं पळायला लागलं, इतकं की माझी बस चुकायच्या ऐवजी मीच थांब्यावर ताटकळत बसायची. पुढं पळणाऱ्या घड्याळावर मी काही रागावले नाही, ते माझ्यासारखंच होतं. पण एके दिवशी आईनं आतून विचारलं, "लागतंय काय?" आप्पा म्हणाले, "व्हय, लागतंय की." मी त्यांना घड्याळ बांधायला म्हणून त्यांचा हात बाजूला केला, तर सेकंदाचा काटा उभा. तासाचा काटा रात्रीच्याच वेळेवर. घड्याळ कधीचं बंद पडलेलं होतं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. आई आत गुणगुणत होती. मी घड्याळ जोरात हलवलं, ते कसंबसं चालू झालं, आणि मी त्यांच्या डाव्या मनगटावर बांधून टाकलं.

हाताला काहीच लागत नव्हतं. आईसाठी ते रोज खोटं बोलत होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. आता हे घड्याळ आईच्या डोळ्यांदेखत कधीही बंद पडणार आणि हिचा सगळा डोलारा कोसळणार. ते होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं. घड्याळ बंद पडता कामा नये. बास.

शाहूपुरीत आमच्या ऑफिसच्या खालीच एक घड्याळवाला होता. आवाज असा की समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईकही वळून बघेल. डोळ्याला भिंग लावून त्यानं घड्याळ उघडलं आणि जाहीर केलं, "कचरा हाय, ताई! धुतलं की पळतंय बघा घोड्यासारखं." धुतलं. पळालं. घरी आल्यावर आठवडाभरात पुन्हा उभं. मग म्हणाला तेल वाळलंय. तेल घातलं. मग म्हणाला स्प्रिंग थकलीय. स्प्रिंग बदलली. दर वेळी त्याच्या दुकानात घड्याळ अगदी शहाण्यासारखं चालायचं आणि आमच्या घरी आलं की हट्टाला पेटायचं. "चावी कोण देतंय घरात?" असं त्यानं विचारल्यावर मी त्याच्यावर अशी उखडले की तो भिंग लावूनच माझ्याकडं बघत राहिला.

या सगळ्या काळात माझी झोप उडाली होती. घड्याळ दुरुस्तीला असलं की आप्पा सकाळी रिकाम्या पाटाकडं बघत बसायचे आणि आई विचारायची, "कवा मिळणार?" घड्याळ घरी असलं की मी पहाटे उठून कानाला लावून बघायची. बंद असलं तर हलवायची, काटे फिरवून ठेवायची आणि पुन्हा अंथरुणात शिरायची. ऑफिसात टाइप करता करता मध्येच वाटायचं, आत्ता बंद पडलं असेल. आत्ता आईनं बघितलं असेल. अक्षरं चुकायची, साहेब ओरडायचे, मी साहेबांवर ओरडायची.

शेवटी घड्याळवाल्यानंच वेगळं काहीतरी काढलं. आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतायत म्हणाला. "लोहचुंबक लागलंय ह्याला. मी काढून देतो, पण तुमच्या घरात कुटंतरी चुंबक हाय. स्पीकरवर ठेवता काय? टीव्हीवर?"

"आमच्यात असलं काही नसतं," मी ठणकावून सांगितलं.

घरी आल्या आल्या मी टीव्ही भिंतीकडं सरकवला. रेडिओ माळ्यावर टाकला. कपाटाच्या दाराला चुंबकाची कडी होती, ती स्क्रूड्रायव्हरनं उपटून काढली आणि दार कायमचं उघडं पडलं. आई म्हणाली, "अगं, काय दरोडा घालतीस काय घरावर?" तिला मी काय सांगणार? घड्याळ घरातल्या प्रत्येक वस्तूपासून लांब ठेवलं, तरी ते पुन्हा पुढं पळायला लागलं. मला वाटलं, आता डोकं फुटणार.

रविवार होता. दुपारी आई आप्पांपुढं नेहमीप्रमाणं चुऱ्याचं ताट ठेवून गेली. कानस घासताना चांदीचा चुरा पडतो, तो सगळा गोळा करून पुन्हा आटवायचा असतो. त्याच्यात कानशीचे लोखंडी कण आलेले असतात, ते आधी काढावे लागतात. झटका आल्यापासून आप्पांना जमणारं घरातलं हेच एक काम होतं आणि ते त्यांनी मोठ्या मानानं धरलं होतं. मी समोर बसून नखं कुरतडत त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघत होते. त्यांचा डावा हात ताटावरून सावकाश फिरत होता. त्या हातात लोहचुंबक होतं. आप्पांनी चुंबक जरा मागं ओढलं, तशी घड्याळाच्या पट्ट्याची पोलादी कडी टक्कन त्याला जाऊन चिकटली.

लोहचुंबक! लहानपणापासून रोज बघितलेलं, आमच्याकडं केरसुणीइतकं साधं, म्हणून ते चुंबक आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळं घर उचकटलं आणि ते आप्पांच्या हातात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता काय करायचं? हे काम करू नका म्हणून सांगितलं असतं तर उरलासुरला माणूसही मोडला असता. घड्याळ काढून ठेवा म्हणावं, तर एका हातानं पट्टा निघत नाही, दर वेळी हाक मारावी लागणार. आणि आप्पा कुणाला हाक मारणाऱ्यातले नव्हते. मी फार विचार न करता उठले, त्यांच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि उजव्या मनगटावर बांधलं.

"बायकांवानी?" आप्पा म्हणाले.

"व्हय, बायकांवानी. त्या चुंबकानं बंद पडतंय ते."

त्यांनी चुंबकाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "आन् मला कुणी सांगितलं न्हाय," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

सोमवारी ते दुकानात नेऊन त्याला लागलेलं चुंबक शेवटचं काढून आणलं. त्यानंतर ते कधी थांबलं नाही. आणखी एक गोष्ट झाली, ती मी ठरवून केलेली नव्हती. घड्याळ उजव्या मनगटावर गेल्यामुळं आप्पांना डाव्या हातानं सरळ चावी देता यायला लागली. पाट नको, वजन नको. सकाळी कुणाला न सांगता मांडीवरच चावी द्यायचे. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता आईनं रोज विचारावं, आप्पांनी रोज सांगावं, घड्याळ दगा देणार नव्हतं.

मग एका सकाळी आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "लागतंय काय?"

आप्पांची चावी देऊन झाली होती. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते बसले होते. म्हणाले, "न्हाय."

मी चप्पल घालत होते, तशीच थांबले. मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. मी काय म्हणून पळत होते एवढे महिने? कुणासाठी?

"न्हाय लागत," आप्पा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "कदीच लागलं न्हाय."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी लागतंय म्हणालासा त्याच दिशी दुपारी तुमी निजल्यावर मी माझा हात ठेवून बघितलंतं त्या घड्याळावर. माझ्याबी हाताला काय लागलं न्हाय. म्हणून काय माझा हात गेला व्हय?"

आईनं हात धुतले, येऊन त्यांचा उजवा हात आपल्या ओल्या हातात घेतला आणि पदरानं पुसायला लागली. त्या दोघांना तसंच सोडून मी बाहेर पडले. बस गेली होती. पुढची येईपर्यंत मी थांब्यावर बसून राहिले.