पहिल्या हाकेची ओ

आधी आठवतो तो धूर… हिवाळ्याच्या पहाटे, कापसाच्या पऱ्हाटीच्या दमट काड्यांतून उठणारा, किंचित गोडसर, जैनथच्या आमच्या भाजीच्या मळ्यावर धुक्याच्या गळ्यात गळा घालून तरंगणारा. मेथीच्या वाफ्यांवर दव, चुलीवर कोरा चहा, अजून न उजाडलेलं आभाळ — आणि काटेरी कुंपणापलीकडून, दिसत नसलेल्या माणसाचा तो आवाज, “मनोहर, येतं का रे?”

मनोहर म्हणजे बाबा, आणि हाक मारणारी ती मोठी आत्या, बाबांची थोरली बहीण. गावाच्या टोकाला टिनाच्या छपराचं आमचं लहानसं चर्च. रविवारी ते उघडायचं, झाडायचं, सतरंज्या अंथरायच्या हे तिचं काम, आणि तिची वाट आमच्या कुंपणावरून. बाबा एकेकाळी त्या चर्चमध्ये गाण्यांना ढोलकीची साथ करायचे. माझा धाकटा भाऊ आनंद तापानं गेला आणि ती ढोलकी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खुंटीला लागली. “एवढी प्रार्थना केली. त्यानं आयकलं काय?” एवढंच ते म्हणाले, आणि त्यानंतर ते चर्चची पायरी चढले नाहीत.

आमच्या भागात अंधारात आलेल्या पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. भूत म्हणे एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर पुन्हा मारील. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, पण बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही ही एक भीती काही धुऊन निघाली नव्हती. बाबांना तर ती सबब म्हणून आयतीच सापडली होती. आत्याची हाक आली, की कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडता सोडता माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे — “एकच हाक आली. भूत असंन!”

कुंपणापलीकडे हसू फुटायचं. “भूत एकदा बलावते अन् जाते बाप्पा. आपला देव तसा नाही. मनोहर, येतं का रे?”

तिसऱ्या हाकेला बाबा म्हणायचे, “हो तू पुढं.” तिची पावलं धुक्यात विरून जायची… आईनं शनिवारी संध्याकाळी खाटेवर काढून ठेवलेला पांढरा सदरा सोमवारी पुन्हा पेटीत जायचा, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. आईचं बोट धरून चर्चला जाताना मी वळून वळून मळ्याकडे बघायची. बाबा येत असतील, असं दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी रडू यायचं.

मग एका हिवाळ्यात आत्याचा आवाज खरखरू लागला आणि संक्रांतीच्या सुमाराला पार गेला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून बजावलं. त्या रविवारी धुकं असं दाट, की चुलीपासून विहीर दिसेना. हाक नाही. बाबांचा फावड्यावरचा हात थांबलेला. आणि मग कुंपणाचं फाटक हललं… खडखड, एकदाच. ना नाव, ना आवाज. ओ देऊ नये अशी हाक असेल, तर ती हीच. आईनं माझा खांदा घट्ट धरला.

“ओ!” धुक्यातून बाबांचा आवाज आला. “आलो बाई, आलो!”

वाफ्यात पाणी तसंच वाहत राहिलं. चिखलाच्या पायांनीच त्यांनी तो सदरा चढवला, ढोलकी खुंटीवरून काढली. थंडीनं कातडं सैल पडलं होतं, म्हणून पऱ्हाटीच्या जाळावर ती धरून शेकत बसले. फाटकाशी आत्या पदरानं डोळे पुसत उभी होती. त्या दिवशी चर्चमध्ये तिला गाता आलं नाही. बाबा वाजवत होते आणि तिचे नुसते ओठ हलत होते, आणि ढोलकीला धुराचा वास येत होता.

पुढे कधीतरी मी विचारलं, “तेव्हा भीती नाही वाटली, बाबा?”

“कायची भीती? इतके वर्षं कोण हाक मारून राह्यलं होतं, ते मले पयलेपासूनच ठाऊक होतं.”

“मग काऊन नाही गेले?”

हातातली मेथीची जुडी बांधून त्यांनी बाजूला ठेवली. “रागावलो होतो न माय, त्याच्यावर.”

आत्या आता नाही. कुंपणाच्या जागी विटांची भिंत आली. बाबा थकले, तरी रविवारी काठी टेकत तेच गल्लीतून हाका मारत जातात. ज्या दारातून ओ येत नाही, तिथं जरा जास्त थांबतात, असं आई सांगते.

मी मंचेरियलला असते, नोकरीच्या गावी. इथं धुरात कोळशाचा वास, आणि पहाटे हाक मारणारं कुणी नाही. तरी रविवारी गजराच्या आधीच जाग येते. लांबून मालगाडीची घरघर येत असते… मी अंधारात उठून बसते, कान देते आणि शेजारी कुणाची झोप मोडू नये इतक्या हळू म्हणते — ओ.