स्वर्गातली आये

मालनचा नवरा हरिश्चंद्र चर्चच्या पंचमंडळात होता आणि त्याचा आवाज गोड होता. त्यामुळे रत्नागिरीतल्या मूठभर ख्रिस्ती घरांत त्याच्याविषयी कुणी वावगं बोललं नाही, आणि बोललं असतं तरी कुणी ऐकून घेतलं नसतं. रोज दिवेलागणीला तो घरात प्रार्थना घ्यायचा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना त्याचे डोळे भरून यायचे. आमेन झालं की कमरेचा पट्टा निघायचा. कधी मालनवर, कधी लहानग्या ईशावर. कारण कुठलंही चालायचं.

तो वारला, चर्चने त्याला थाटात माती दिली, आणि ईशाची प्रार्थना तिथेच बंद पडली. ‘पित्या’ म्हटलं की तिला पट्टा आठवायचा, पुढे शब्द फुटत नसे. देव वेगळा, बाप वेगळा, असं मालनने परोपरीने समजावलं. शेवटी एक दिवस बांगडे साफ करता करता मालननेच सुरुवात केली, ‘हे आमच्या स्वर्गातल्या आये’. ईशा तिच्या मागोमाग शेवटपर्यंत म्हणाली. तेव्हापासून मायलेकी दार लोटून अशीच प्रार्थना करू लागल्या.

मालनला वाटलं, एवढी चांगली गोष्ट लपवायची कशाला? बायकांच्या सभेत तिने प्रार्थना तशीच म्हटली. झालं! पंचांनी बोलावून घेतलं. देवाची बाई केलीस, उद्या त्याची ओटी भरशील, म्हणाले. पुन्हा असलं कानावर आलं तर तुमच्या घराला कबरस्तानात जागा मिळायची नाही, अशी तंबीही दिली. दर्शन नावाचे चर्चचे नवे पाळक तिथेच बसले होते. ते चकार शब्द बोलले नाहीत.

पुढे ईशा लांज्याला काजूच्या कारखान्यात लागली, आणि ऐन पंचविशीत तिला रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा मालन काय ते समजली. ती चमच्याने पेज भरवायची आणि मग दोघी आपली प्रार्थना म्हणायच्या. तेवढ्यापुरता ईशाचा चेहरा निवायचा.

अखेरच्या दिवशी पाळक भेटायला आले. खुर्ची ओढून बसले आणि प्रार्थना सुरू करणार, तोच ईशाने मान हलवली.

“आये, तू सांग. आपली.”

मालनने पाळकांकडे पाहिलं. पंचांची तंबी तिला आठवली. पोरीला मातीसुद्धा मिळाली नाही तर? तिने ईशाचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’.

ईशाने हात काढून घेतला. भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही, आणि संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानात मालनचा बांध फुटला. पाळकांनी तोंड उघडायच्या आत ती पुढे झाली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, ‘हे आमच्या स्वर्गातल्या आये’. पंच चुळबुळले. पाळकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि तिच्यामागून तेच शब्द म्हटले. मग बायकांनीही म्हटले.

लोक पांगल्यावर पाळक तिच्याजवळ आले.

“मालनताई, काल घरीच म्हणायचं होतं तुम्ही. मी अडवलं नसतं.”

बिचाऱ्यांना वाटलं, आपण धीर देतोय. मालन मटकन खाली बसली. बायका उठवायला आल्या, पण ती उठेना. कबरीवर हात ठेवून ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिली, “ऐक गो बाये, आता म्हणतंय मी. ऐक गो.”