रुमाल टाकून धरलेलं लॉगिन

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगताना मान जरा ताठ होते ती होऊ देते. आई-वडिलांनी पाथर्डीच्या बाजूने येऊन ज्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ऊस तोडला, त्याच पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी आज खुर्चीवर बसते. खुर्ची फिरती आहे. पहिल्या दिवशी, कुणी बघत नाही असं बघून, मी ती दोनदा फिरवून घेतली होती.

कारखान्याची गावोगाव मिळून चौदा गट ऑफिसं. कुणाच्या उसाची लागण कधीची, तोडणीचा नंबर कितवा, हे सगळं तिथले क्लार्क भरतात. पण ज्या प्रोग्राममध्ये भरायचं तो असतो मुख्य ऑफिसातल्या सर्व्हरवर. क्लार्क आपल्या गावातूनच रिमोटने त्यात शिरतो आणि सर्व्हरसमोर बसल्यासारखं काम करतो. अडचण एकच, लायसन्स दहा. एका वेळी दहा माणसं आत. अकरावा आला की पडद्यावर इंग्रजीत नकार, आणि पुढच्या मिनिटाला माझा फोन.

"मॅडम, लॉगिन होईना."

"थांबा थोडं, कुणीतरी बाहेर पडेल."

"कोण पडतंय बाहेर? सकाळधरनं थांबलोय. इथं शेतकरी डोक्यावर उभा हाय."

मी आणखी लायसन्स मागितली. एमडी साहेब म्हणाले, "आधी आहेत ती कोण वापरतं ते दाखवा." मग मी नजर ठेवणारा प्रोग्राम बसवला. कोण किती वाजता आत आलं, किती वेळ कीबोर्ड-माउस हलला, किती वेळ माणूस नुसता बसून राहिला, सगळं त्यात उमटतं. हलला की हिरवं, नाही हलला की लाल. तसं परिपत्रकही सगळ्या गट ऑफिसांना धाडलं. त्यावर सह्या सगळ्यांनी केल्या, वाचलं कुणीच नाही.

महिन्याने बेरीज काढली. लाल कमी-जास्त सगळ्यांचंच होतं. पण एक पट्टी अशी, की कागदावर कुंकू सांडल्यासारखी. पुणतांब्याकडच्या गट ऑफिसातल्या भाऊसाहेबांची. क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात, पण हे वयानेही त्या मानाचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गुडघे त्याआधीच निवृत्त झालेले. रोज सकाळी पावणेआठला लॉगिन, संध्याकाळी सहापर्यंत नाव चालू. काम मात्र जेमतेम सव्वा तास.

शनिवारच्या मीटिंगमध्ये मी ती पट्टी भिंतीवर मोठी करून दाखवली.

"हा माणूस दिवसभर करतो काय?" साहेबांनी विचारलं.

"लायसन्स अडवून बसतो, साहेब."

वाक्य कसं नेमकं जमलं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

"सोमवारी ऑर्डर काढा. काट्यावर टाका पाळीला."

काटा म्हणजे उसाचे ट्रॅक्टर तोलायची जागा. धूळ, भोंगे, आठ तास उठबस. कुणीतरी हळूच म्हणालं, "साहेब, त्यांचे गुडघे…" साहेब म्हणाले, "मग चालवल्यावर सुटतील." सगळे हसले. मीही हसले.

रविवारी घरी गेले. वडील ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, आई चुलीपाशी. मी चार्टची हकीकत रंगवून सांगितली. हिरवं, लाल, साहेबांसमोर मी कशी बोलले, सगळं.

वडिलांनी एक शेंग फोडली. "म्हंजी हजेरी तू मांडती?"

"मी नाही, मशीन मांडतं."

"पर वही तुझ्याकडं."

"हो."

"आगं ऐकलं का," वडील आईकडे वळले, "मुकादमीन आलीया घरी. च्या टाक."

"मुकादमाला मी कवा च्या पाजला हुता?" आई आतूनच म्हणाली. "त्याच्या वहीत मी कधी हुतेच न्हाई. एक कोयता, येवढंच लिव्हायचा त्यो. तोडायचं ह्यांनी, मोळ्या बांधायच्या म्या, डोक्यावर घिऊन ट्रॅक्टरात चढवायच्या म्या. वही बघनाराला वाटायचं, येकच मानूस राबतंय."

नवरा-बायको मिळून एक कोयता, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी त्या दिवशी ते कानात अडकून बसलं. आईने चहा टाकला, पण आधी मला शेंगा फोडायला बसवलं.

सोमवारी पहिल्या एसटीने निघाले आणि ऑर्डर टाइप व्हायच्या आत ऑफिस गाठलं. तोवर मी महिन्याची बेरीज तेवढी बघितली होती. आता एकेका दिवसाची वेळ उघडली, आणि एकट्या भाऊसाहेबांची नाही, चौदाही ऑफिसांची एकाखाली एक लावली. भाऊसाहेबांच्या लाल पट्टीत पांढऱ्या फटी होत्या. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, तेवढा वेळ ते बाहेर. आणि दर फटीच्या बरोबर खाली दुसरं कुठलंतरी ऑफिस हिरवं. सव्वाअकराला भाऊसाहेब बाहेर, देवळाली प्रवरा आत. साडेअकराला देवळाली बाहेर, भाऊसाहेब परत आत. रोज असंच, पाच-सहा वेळा.

मी फोन लावला.

"भाऊसाहेब, तुम्ही बाहेर पडलात की मिनिटात देवळाली आत येते. काय प्रकार आहे?"

पलीकडून हसू आलं. "सापडलो म्हनायचं! मॅडम, एसटीनं जाता का कवा?"

"आत्ता तिच्यातूनच उतरले."

"गर्दीत जागा कशी धरत्यात?"

"खिडकीतून रुमाल टाकून."

"मग मी रुमाल हाय," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. नऊ ऑफिसं सकाळी एकदा आत शिरली की संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. काम असो-नसो, उठलो तर परत जागा मिळायची नाही ही भीती. चार ऑफिसांत नेट उशिरा चालू होतं, ती रोज बाहेर. म्हणून भाऊसाहेब लवकर येतात, लोक यायच्या आत आपल्या नोंदी उरकतात आणि मग नुसती जागा धरून बसतात. त्या चारांपैकी कुणाचा फोन आला की हे उतरतात, तो चढतो. त्याचं झालं की मिसकॉल, हे परत चढतात.

"जागा नुसती सोडून का नाही देत?"

"सोडली की त्या नवांपैकीच कुनीतरी दुसऱ्या मशीनवरनं परत आत घुसतंय. त्यांच्याकडं दोन-दोन मशीन हायेत."

"अहो, मग मला सांगायचं ना."

"तुमालाच लावला हुता की फोन, चारदा. तुमी म्हनला, थांबा थोडं, कुनीतरी बाहेर पडंल. कुनी पडंना. मग मीच पडाया लागलो."

मी फोन ठेवला आणि ऑर्डरची चौकशी केली.

ऑर्डर तोवर टाइप होऊन सहीच्या फायलीत गेली होती. मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. नोकरीत चार वर्षं झाली, 'माझं चुकलं' हे वाक्य मी त्या केबिनमध्ये एकदाही उच्चारलं नव्हतं. पदवी मिळाली की ते वाक्य आपल्याला लागणार नाही, असा काहीतरी माझा समज असावा.

"साहेब, ही ऑर्डर थांबवा. रिपोर्ट बरोबर आहे. मी तो चुकीचा वाचला." आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे नऊजण जागा अडवून बसलेत, एकटा हा जागा देतोय, आणि काट्यावर पाठवतोय आपण त्याला?"

"हो."

"शनिवारी भिंतीवर ते कुणी दाखवलं होतं?"

"मीच."

त्यांनी ऑर्डरवर आडवी रेघ मारली. कागद माझ्याकडे सरकवला. "उपाय?"

"पंधरा मिनिटं हात हलला नाही की सर्व्हर आपोआप बाहेर काढेल. आणि एका ऑफिसाला एकच जागा. खरं काम एका वेळी सहा-सातजणांचंच असतं. नवीन लायसन्स लागणार नाहीत."

"हे महिन्यापूर्वी सांगता आलं असतं."

"आलं असतं, साहेब."

पहिले दोन दिवस कल्लोळ. एका ऑफिसाची पट्टी जेवणाच्या सुट्टीतही हिरवीगार दिसायला लागली. चौकशी केली तर गड्याने माउस सुतळीने मान हलवणाऱ्या टेबल फॅनला बांधलेला. मी फोन करून एवढंच म्हटलं, "फॅनला पगार चालू करायचा का?" तिसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत. 'लॉगिन होईना' हा फोन येईनासा झाला, आणि खरं सांगते, दोन-चार दिवस मला चुकल्यासारखं झालं.

मग एका सकाळी भाऊसाहेबांचाच आला.

"मॅडम, तुमच्या कंडक्टरनं मला अर्ध्या वाटंत उतरवलं बगा."

"परत चढा की. चार जागा रिकाम्या आहेत."

"दिसतंय पडद्यावर. पर माझं काम झालंय." खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "नुसतं बघत बसलोय. रिकामी जागा लई दिसांनी बघतोय."