बाळाचा देश कोणता

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजांनी कुवेत घेतलं, तेव्हा मी तिथल्या एका प्रसूतिगृहात नर्स होते. शहरालगतच्या खैतान भागात आमच्या बिल्डिंगखाली रणगाडा उभा होता. पण बायका बाळंत व्हायच्या थांबल्या नव्हत्या, म्हणून मी कामावर जात राहिले.

दोनेक आठवड्यांत बगदादहून नवा व्यवस्थापक आला. अंगात गणवेश, जाड मिशा आणि हॉस्पिटलबद्दल ठार अज्ञान. आम्ही हातमोजे धुऊन पुन्हा वापरत होतो. या गृहस्थांनी पहिलं काम काय केलं, तर प्रत्येक खोलीत आपल्या नेत्याचा फोटो लावला. लेबर रूममध्येसुद्धा! कळा देणाऱ्या बाईसमोर हसरा पुरुष टांगायचं ज्यांना सुचतं, त्यांच्या अकलेबद्दल काय बोलायचं? मग घड्याळं बगदादप्रमाणे तासभर पुढे गेली आणि 'कुवेत' हा शब्दच बेकायदा झाला.

सप्टेंबरात एक कुवेती शिक्षिका आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी झाली. नव्या जन्मनोंदीच्या फॉर्मवर देश म्हणून इराक आधीच छापलेलं होतं. तिने सही करायला नकार दिला. व्यवस्थापक स्वतः वॉर्डात आला.

"सही नाही, तर दुधाची पावडर नाही."

"मला दूध येतं," ती म्हणाली.

शेजारच्या खाटांवरच्या बायका ओढणी तोंडाशी धरून हसल्या. साहेब लालबुंद झाले. त्यांनी फॉर्म स्वतःच भरला, आणि रागाच्या भरात मुलीच्या जागी मुलगा लिहिलं. देश पुसायला निघालेल्या माणसाला एक तान्हं बाळ नीट बघता आलं नाही.

चादरींच्या कपाटात माझ्याकडे जुन्या फॉर्मांचा गठ्ठा होता. शौर्य म्हणून लपवला नव्हता. मागच्या कोऱ्या बाजूवर नोंदी लिहायला कागद हवा होता, इतकंच. त्यातला एक मी भरला. वजन, वेळ, मुलगी, कुवेत. माझी सही केली. आमचे इजिप्शियन डॉक्टर "मला काही माहीत नाही हं" असं पुटपुटले आणि त्यांनीही सही केली. शिक्का मात्र व्यवस्थापकाच्या खणात होता. तिने कागद बाळाच्या दुपट्यात घातला आणि ती घरी गेली.

ऑक्टोबरात मी आणि नवरा बगदाद, अम्मान करत मुंबईला पोचलो. कुवेत सुटल्यावर, १९९१च्या अखेरीस, पुन्हा त्याच नोकरीवर आले. एक दिवस ती शिक्षिका मुलीला कडेवर घेऊन मला शोधत वॉर्डात आली.

"सिस्टर, शिक्का नाही म्हणून तुमचा कागद चालत नाही म्हणतात. साक्ष द्याल?"

मी तिच्याबरोबर गेले. जन्मनोंदणीच्या ऑफिसात आता दुसरे, कुवेती साहेब, नवं टेबल आणि भिंतीवर नवे फोटो. साहेबांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"शत्रूच्या राज्यात तू कामावर का होतीस? कोणाच्या परवानगीने?"

मला वाटलं होतं, निदान हा तरी आधी मुलीकडे बघेल.

"हिला कळा येत होत्या," मी म्हटलं. "परवानगी कोणाची घ्यायची होती?"

त्याने खाली मान घालून माझी साक्ष लिहून घेतली. दाखला मिळायला आणखी दीड महिना लागला.