हजेरीतली मुलगी

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. दुष्काळाचं वर्ष होतं. मी धारूर भागात फौजदार होतो. गावंच्या गावं ऊसतोडीला साखर कारखान्यांवर गेली होती. अशात ठाण्यात एक निनावी चिठ्ठी आली : ‘एक बाई परक्यांची लेकरं कोंडून ठेवते, विकणार आहे.’

महिला शिपाई सोबत घेऊन सातलाच गेलो. पत्र्याची खोली, बाहेरून कडी. आत अकरा लेकरं आणि कोपऱ्यात धगधगती चूल. तेवढ्यात घागर टाकून एक विधवा बाई धावत आली. तिला मुलांसह ठाण्यात आणलं. मुलांना पोहे दिले.

“कडी का लावली?”

“पाण्याला गेलते साहेब. जवळच हीर हाय, लेकरू पडंल म्हून.”

“मुलं सांभाळायचा परवाना आहे?”

“न्हाई. आईबाप तोडीला गेले, लेकरं माझ्यापाशी सोडली.”

“गावात सरकारमान्य पाळणाघर आहे ना?”

“त्याला कायम कुलूप ऱ्हातंय.”

खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. ही विचारलं तेवढंच सांगत होती. मुलांच्या नावांची यादी घेऊन मी पाळणाघर गाठलं.

जीप पाहून व्यवस्थापकानं घाईनं दार उघडलं. परवाना भिंतीवर फ्रेममध्ये. हजेरीत यादीतली सगळी नावं, आजचीसुद्धा. चार वर्षांच्या एका मुलीच्या नावावर मी बोट ठेवलं.

“ही आज आली होती?”

“हो साहेब. आत्ताच आई घेऊन गेली.”

तिची आई दूर कारखान्यावर ऊस तोडत होती आणि मुलगी माझ्या ठाण्यात पोहे खात होती.

“चला, भेटवतो तिला,” मी म्हणालो. त्यानं हजेरी मिटली आणि कबूल केलं : खोट्या हजेरीवर तो सरकारी अनुदान उचलत होता. चिठ्ठीही त्याचीच निघाली. बाईकडे मुलं वाढली, तर आपलं रिकामं पाळणाघर उघडं पडेल, ही भीती.

त्याच्यावर गुन्हा दाखल केला. पण बाईलाही समज दिली. “चुलीची ठिणगी उडाली असती तर? बाहेरून कडी, पोरं पळणार कुठून?” तिनं पदर डोळ्यांना लावला. “हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई, साहेब.”

मग आरोग्य आणि बालविकास अधिकाऱ्यांनी पाळणाघराची तपासणी केली. पिण्याचं पाणी तपासलं, मुलांना लसी दिल्या. पाळणाघर नीट सुरू झालं आणि बाई तिथंच सेविका झाली, जोडीला आणखी एक.

दोन महिन्यांनी गेलो, तर ती मुलांची वजनं करत होती. “एकीचं घटलंय साहेब. तसंच लिवलं. खरं लिवलं तरच डागदर येतील की.” डॉक्टर त्याच दुपारी आले.

तोवर परवाने, तपासण्या हे इतर कचेऱ्यांचं काम, असं मी समजत होतो. नंतर जिथं बदली झाली, तिथल्या पाळणाघरात पहिल्याच आठवड्यात जाऊन मुलांमध्ये अर्धा तास बसायचो. कागद मग मागायचो.